कापलेल्या गवताचा वास

"वैजू, आधी त्यातलं औषध काढ. मग घास."

मी गॅरेजच्या दारात, उन्हाच्या पट्ट्यात बसले होते. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ, मांडीवर पितळी पंप. हातभर लांब, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला बारीक चोच. जुन्या विलायती गाड्यांत आग विझवायला असे पंप चालकाच्या पायाशी अडकवलेले असत. हलवला की आत काहीतरी डुचमळायचं. पाण्यासारखं नाही, त्याहून जड. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं.

"काढते, अण्णा," मी म्हटलं आणि कोळाचा बोळा पितळेवर फिरवत राहिले. काळपटातून एकेक इंग्रजी अक्षर उजळत वर येत होतं.

खंडेनवमीचा दिवस होता. वाईहून पाचगणीला निघालं की पसरणीचा घाट सुरू होण्याच्या जरा अलीकडे आमचं गॅरेज होतं. घाट चढायच्या आधी लोक तिथे पाणी भरून घेत, आणि घाट उतरून आलेले ब्रेक दाखवायला थांबत. मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, त्यामागे आंब्याचं झाड, मग हळदीची शेतं. मी सतरा वर्षांची होते. आता पंचेचाळिशीची आहे, पण ते ऊन मला अजून मोजून दाखवता येईल. उंबऱ्यापासून माझ्या पावलांपर्यंत तीन फरश्या.

अण्णा दिनामायच्या गाडीभोवती फिरत होते. पाठीमागे हात बांधून, किंचित वाकून, वास घेत. कुठलीही जुनी गाडी आली की ते पाना उचलण्याआधी तिच्याभोवती असे दोन फेरे घालत. हुसेनमामा त्याला 'भाऊंची प्रदक्षिणा' म्हणत. चाकापाशी थांबून अण्णा सांगायचे, ब्रेकची पूड आहे, फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा, ती छातीत बसते. बॉनेटपाशी सांगायचे, वायरीचं कापड करपलंय. कधी नुसतंच म्हणायचे, हिच्यात उंदराने घर केलं होतं. ते चुकल्याचं मला आठवत नाही. लहानपणी डोळे मिटून बसवून त्यांनी मला वास शिकवले होते. ताजं पेट्रोल, शिळं पेट्रोल, बॅटरीचं पाणी, जळकं रबर. इतर मुलींचे वडील त्यांना पाढे शिकवत.

"थेंबतंय," अण्णा म्हणाले.

बॉनेट उघडलेलं होतं. तेवढ्यात आलेल्या हुसेनमामांनी आत डोकं घातलं. हुसेन मुलाणी हे अण्णांचे पंधरा वर्षांपासूनचे जोडीदार. वेल्डिंग त्यांचं, इंजिन अण्णांचं. "नळीची क्लिप सैल झालीय भाऊ. अर्धा फेरा आवळली की झालं."

दोघांनीही मग एकदम माझ्याकडे आणि माझ्यामागच्या चौरंगाकडे पाहिलं.

पूजा मी मांडली होती. सकाळीच. सगळे पाने रॉकेलने धुऊन, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेने, त्यांच्यामागे पकडी, हातोड्या, जॅक. आणि अगदी मागे, देवाच्या जागी असावा तसा, नवा लाल अग्निशामक. अण्णांनी तो त्याच वर्षी आणला होता. मी त्याच्या कडीतून आंब्याच्या पानांची आणि झेंडूची माळ ओवून घट्ट गाठ मारली होती. सगळ्यावर हळदकुंकू पडलं होतं. पूजेत बसलेलं हत्यार उत्तरपूजेपर्यंत उचलायचं नसतं. वर्षभर राबलेल्या लोखंडाला तेवढा एकच दिवस विसावा.

"एक पाना तेवढा घेऊ का?" मामा म्हणाले. "देव काय मोजतोय व्हय?"

"देव नाही मोजत. पाना मोजतो," अण्णा हसले. "वर्षभर झोपू देत नाही आपण त्याला. राहू दे. उद्या उत्तरपूजा झाली की पहिला पाना हिलाच लावू."

त्यांनी अंगाच्या साबणाची वडी आणली, बोटाने मऊ केली आणि नळीच्या सांध्यावर लिंपली. पेट्रोलची गळती रोखायचा आमच्याकडचा जुना उपाय. थेंब थांबला. खाली डबा ठेवून अण्णांनी पाच मिनिटं वाट पाहिली. डबा कोरडाच राहिला.

दिनामाय पाचगणीला राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या पारशी बाई, एकट्या. ती काळी, बुटकी गाडी त्यांच्या नवऱ्याची. वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्या मागच्या सीटवर बसून टेबललँडपर्यंत जात आणि तशाच परत येत. त्याआधी महिनाभर गाडी आमच्याकडे माहेरपणाला असे. अण्णा आणि मामा तिला म्हातारी म्हणत.

"अण्णा, ह्या औषधाला काय झालंय? आग विझवायलाच आहे ना?"

मामा लिंबं आणायला बाहेर गेले होते. अण्णा माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. पंप हातात घेऊन त्यांनी चोचीचा वास घेतला आणि तो माझ्या नाकापाशी धरला. गोड होता. दवाखान्यात आत शिरल्यावर येतो त्याच्या जवळपासचा, पण जास्त गोड.

"चांगला आहे ना? तिथेच फसायला होतं. आग विझवतं, लगेच विझवतं. पण ज्वाळेवर पडलं की त्याचा दुसराच वायू होतो. उघड्यावर ठीक. कोंडलेल्या जागी विष."

"मग लोक का ठेवायचे?"

"तेव्हा दुसरं काही नव्हतं. पुण्याला माझे उस्ताद होते ना, त्यांच्या हाताखालच्या एकाने असाच पंप मारला. शेडमध्ये. आग विझली, सगळ्यांनी पाठ थोपटली. संध्याकाळी सायकलवरून शीळ घालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपला. छातीत पाणी झालं."

"शीळ घालत?"

"हं. काहीच वाटत नाही आधी. उस्ताद म्हणायचे, वास लक्षात ठेव. कापलेल्या गवताचा वास येतो. बंद शेडमध्ये गवताचा वास आला की मागे बघायचं नाही." ते उठले. गुडघे वाजले. "म्हणून म्हणतो, रिकामा कर. ओढ्याकडे नको ओतू, म्हशी पाणी पितात. आंब्याच्या पलीकडे खड्डा काढ, उघड्यावर. मग चकचकीत करून जागेवर लाव. दिनामायला तो शोभेला हवाय. नवऱ्याने बसवलेला आहे."

मी पंप घेऊन मागे गेले. पूजेत न मांडलेल्या जुन्या कुदळीने वीतभर खड्डा काढला. आंब्याखाली सावली इतकी दाट होती की पितळ हिरवं दिसत होतं. हळदीच्या शेतावरून वारा आला की पानं एकदम उलटी होत, पांढुरकी दिसत, पुन्हा सरळ होत. फांदीच्या बेचक्यात मी वाचनालयातून आणलेली कादंबरी ठेवली होती. पंप कानाशी धरून मी थोडा वेळ हलवत बसले. आत ते झोपलेलं काहीतरी इकडून तिकडे कलंडत होतं. चोचीतून एक थेंब माझ्या बोटावर पडला. बर्फासारखा गार लागला आणि बघता बघता उडून गेला.

आईने आतून हाक मारली. कडाकण्या तळून झाल्या होत्या, ताट न्यायचं होतं.

मी गॅरेजमध्ये परतले तेव्हा अण्णा एकटेच दाराला तोरण बांधत होते.

"ओतलंस?"

"हो."

"खड्डा बुजवलास?"

"बुजवला."

त्यांनी मान डोलावली. मी गाडीत वाकून पंप त्याच्या पट्ट्यात अडकवला. काळ्या गाडीत तो सोन्यासारखा दिसत होता.

दुपारी आरती झाली. मधमाश्या झेंडूच्या राशीवर आल्या होत्या, कुणी त्यांना हाकललं नाही. समई अण्णांनी दाराबाहेर ओट्यावर ठेवायला लावली. गाडीजवळ ज्योत नको. प्रसाद वाटून झाला, आई घराकडे गेली. घाटावर ढगाची सावली हळूहळू चढत होती आणि आम्ही तिघं ओट्यावर बसून तिच्याकडे बघत होतो. त्या दिवशी घाटाला काही घाई नव्हती.

मामा म्हणाले, "भाऊ, म्हातारीला मुकीच ठेवणार व्हय?"

पूजा झाली की गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात, ती चिरडत गाडी हातभर हलवतात. तेवढ्यापुरती तिची घरघर ऐकायची.

"क्लिप सैल आहे, हुसेन. ढकलूनच चिरडू या."

"साबण लावलाय की. डबा कोरडा हाय. एकदाच आवाज ऐकू. पूजेला बसलेल्या बाईने मुकं ऱ्हायचं म्हंजे..."

अण्णा डबा बघून आले. नळीला बोट लावून बोटाचा वास घेतला. मग हसले. "एकदाच हं. आणि वैजू, तू बाहेर थांब."

त्यांनी हो म्हणायला नको होतं. असं मी पुढे अनेकदा म्हणून पाहिलं. त्याने काही बदलत नाही, पण म्हणून पाहिलं.

गॅरेज लांबट होतं, एकच मोठं दार. गाडीचं तोंड आतल्या भिंतीकडे होतं, फरशीचा उतार दाराकडे. मामा चालकाच्या जागी बसले. अण्णा दाराच्या कडेला, पूजेपाशी. मी ओट्यावर. सेल्फ मारल्यावर गाडी खोकली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा सुरू झाली, सगळं अंग हलवत, आणि मागच्या चाकाखालचं लिंबू फुटलं. त्याचा आंबट वास माझ्यापर्यंत आला.

मग बॉनेटच्या फटीतून ज्वाळेची निळी रेघ निघाली. ओट्यावरच्या उन्हातून ती नीट दिसतही नव्हती. साबण इंजिनाच्या हादऱ्याने सुटला होता.

"हुसेन, बाहेर ये," अण्णा ओरडले नाहीत, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले. ते चौरंगाकडे वळले, पाने ओलांडून त्यांनी लाल अग्निशामक उचलला. त्याची कडी ओढली. कडी निघेना. माझी माळ तिच्यातून ओवलेली होती, गाठ ओली होऊन बसली होती. झेंडू फरशीवर सांडले. अण्णा दातांनी गाठ सोडवत होते.

मामांनी गाडी बंद केली, उतरले, आणि पायाजवळचा पितळी पंप खेचून काढला.

"सोड ते," अण्णा दातातली माळ थुंकून म्हणाले. "रिकामा आहे तो. बाहेर ये."

मामांनी मूठ डावीकडे फिरवली, ओढली, रेटली. चोचीतून बारीक, सरळ धार निघाली. ती बॉनेटखाली गेली आणि ज्वाळा चुरगळून बसली. इतकी पटकन, की जणू ती नव्हतीच. पांढरट धूर आतल्या भिंतीपाशी साचला आणि तिथेच घोटाळत राहिला.

अण्णांनी पंपाकडे पाहिलं. मग ओट्यावर माझ्याकडे. त्या पाहण्यात राग नव्हता. वास ओळखल्यावर त्यांचा चेहरा होई, तसाच झाला होता.

"हुसेन, बाहेर. आत्ता." त्यांनी मामांना दंडाला धरून बाहेर काढलं. मामा खोकत होते. बॉनेटखाली वायर अजून धुमसत होती, लाल ठिपका मधूनच दिसत होता. आणि आतल्या भिंतीला टेकून वेल्डिंगची दोन सिलिंडरं उभी होती. अण्णांनी पाण्याच्या बादलीत पंचा बुडवला, तोंडाला बांधला.

"केशवभाऊ, मी येतो," मामा म्हणाले.

"तू येऊ नकोस. वैजूला धर."

मी कुठेच जात नव्हते. तरी मामांनी माझं मनगट धरलं.

अण्णा आत गेले. हाताने बॅटरीची वायर उपटली. हँडब्रेक सोडला. मग गाडीच्या तोंडाशी, त्या धुरात उभं राहून त्यांनी तिला दोन्ही हातांनी रेटलं. उतारावर गाडी हळूच निघाली. चाकांखाली राहिलेली लिंबं फुटली, सांडलेले झेंडू चिरडले, आणि ती अंगणात येऊन उन्हात थांबली. मागोमाग अण्णा. पंचा सोडत, डोळे पुसत.

"वाचली म्हातारी," ते म्हणाले आणि हसले.

आणि वाऱ्याची झुळूक आली तेव्हा गॅरेजमधून एक वास माझ्यापर्यंत पोचला. ओला, हिरवा. आश्विनात डोंगरउतारावर विळे चालतात तेव्हा सगळ्या वाईवर तरंगतो, तसा. मी हळदीच्या शेताकडे पाहिलं. पलीकडच्या टेकडीकडे पाहिलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. गावात कुणाचाच विळा चालत नव्हता.

संध्याकाळी अण्णा ओट्यावर भिंतीला टेकून बसले. मामा घरी गेले होते, त्यांचा खोकला थांबला होता. आईने चहा आणला, म्हणाली, "अहो, देवानेच राखलं." अण्णा म्हणाले, "हो ना." ती आत गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो.

"वाच काहीतरी," ते म्हणाले.

अण्णा चौथी शिकलेले. मी काय वाचते ते त्यांना ऐकायला आवडायचं, मधूनच, कुठूनही. मी कादंबरीचं पान काढलं. एका नदीवरच्या होडीचं वर्णन होतं. मी वाचत होते आणि माझ्या आवाजामागे त्यांचा श्वास ऐकत होते. शब्द होडीसारखे एकामागून एक जात होते, मला एकाचाही अर्थ लागत नव्हता.

"अण्णा."

"हं."

"गवताचा वास आला होता का?"

त्यांनी घाटाकडे पाहिलं. वरच्या वळणावर एका गाडीचे दिवे लागले, झाडीत गेले, पुन्हा निघाले.

"नाही गं. रबर जळलं होतं. जळक्या रबराचा."

वास ओळखण्यात ते कधी चुकत नसत. मी पुस्तकात बोट ठेवून बसले होते. मला एवढंच म्हणायचं होतं की मलाही आला होता. पण ते म्हटलं की त्याच्या पुढचं म्हणावं लागणार होतं, आणि त्यांनी इतक्या सहज म्हटलं होतं, जळक्या रबराचा. मी विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचा ठरवला.

"उद्या क्लिप आवळायची, आठवण कर," ते म्हणाले. "पुढे वाच."

मी पुढे वाचलं.

उजाडता उजाडता आईने मला उठवलं. अण्णा अंथरुणात बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळसर. मामा जीप घेऊन आले. साताऱ्याच्या रस्त्याला लोक पहाटेच आपट्याची पानं आणायला निघाले होते. आई पुढे बसली होती. मागे माझ्या खांद्यावर अण्णांचं डोकं होतं, प्रत्येक श्वासाला पाण्यातून आल्यासारखा आवाज होत होता.

"हुसेन," ते म्हणाले. एकेक शब्द तोडून. "औषध काढायला... मीच विसरलो. तुझा काही दोष नाही."

मामा रडत गाडी चालवत होते. "बोलू नका भाऊ."

"मीच विसरलो," ते पुन्हा म्हणाले, आणि माझा हात दाबला. नुसता दाबला, जरा, पंक्चरच्या ठिगळावर अंगठा ठेवतात तसा.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कसला धूर होता. मामांनी सांगितलं, आईने सांगितलं. मी दाराशी उभी होते. दुपारी एकच्या सुमारास अण्णा गेले. पूजेतली हत्यारं त्या वर्षी कुणी उचलली नाहीत. तेरा दिवस ती तशीच रांगेत होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, वर वाळलेली फुलं.

मामांनी गॅरेजचं काम त्यानंतर केलं नाही. थोडे दिवस कुणाच्या तरी शेतावर पाण्याची मोटर चालवली, मग भाजीचा गाळा. मी पुण्याला शिकले, वाचनालयात नोकरीला लागले. तिथे एका जाड संदर्भग्रंथात त्या वायूची माहिती मिळाली. दोनच ओळी होत्या. वासाबद्दल अण्णांच्या उस्तादांनी सांगितलं तेच लिहिलं होतं. पुस्तक जागेवर ठेवून मी उरलेला दिवसभर कार्डं लावली.

आई गेल्या वर्षी गेली. यंदा घराचं काही बघायचं म्हणून वाईला गेले, तो दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. नेमका म्हणते, पण मी तिथी बघूनच निघाले होते.

हुसेनमामा ऐंशीचे झाले आहेत. आपल्या घराच्या ओट्यावर खाटेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "केशवभाऊची चाल हाय तुझी. लांबनं वाटलं, वास घेत येतोय." मग सुनेला चहा सांगितला, आईबद्दल विचारलं, माझे केस पांढरे झाले म्हणून मला रागावले. अंगणात त्यांच्या नातवाची मोटारसायकल हार घालून उभी होती, शेजारी दोन पाने आणि एक पकड, हळदकुंकू लावलेली.

चहा झाल्यावर ते खाली वाकले आणि खाटेखालून एक गाठोडं ओढलं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. सोडलं. आत पितळी पंप. पार काळा पडलेला.

"दिनामाय म्हनली, मला नको आता. म्या आणला. पूजेत ठेवत न्हाय. टाकूनबी देता येत न्हाय." त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. हलका होता. मी हलवून पाहिला. आत काही नव्हतं.

"वैजू, तू शिकलेली. येक सांग मला. अठ्ठावीस वर्सं विचार करतोय."

"काय मामा?"

"मी पंप उचलला तवा तुझा बा म्हनला, रिकामा हाय, सोड. बरूबर?"

"बरोबर."

"आन् जीपमधी म्हनला, मीच रिकामा करायचा विसरलो. दोनी खरं कसं आसंल? विसरला व्हता तर रिकामा हाय कशापायी म्हनला?" त्यांनी बोटांनी खाटेची दोरी चाचपली. "म्हंजे त्याला ठावं व्हतं, आत ईख हाय. मला थांबवाया म्हनून खोटं बोलला, रिकामा हाय. आन् मी ऐकलं न्हाय. शहाना झालो. मूठ फिरवून बघितली. त्यानं जीव वाचवाया खोटं सांगितलं आन् मी त्याचं ऐकलं न्हाय, पोरी. आसंच ना?"

अंगणात उन्हाचा पट्टा होता. खाटेपासून मोटारसायकलीपर्यंत. पितळेवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. अक्षरं पुन्हा काळोखात गेली होती, पण मला ती वाचायची गरज नव्हती.

"नाही मामा," मी म्हटलं. "तसं नाही."

 मी पंप खाटेवर ठेवला. मग मला माझा आवाज ऐकू आला, अण्णांना पुस्तक वाचून दाखवायचे तसा, सावकाश.

"पंप रिकामा करायला अण्णांनी मला सांगितलं होतं. मी आंब्याखाली गेले, खड्डा काढला. झाकण निघेना. मूठही हलेना; ती आधी डावीकडे फिरवायची असते हे मला माहीत नव्हतं. झाकणाला पकड लागली असती, आणि पकड मी सकाळीच पूजेत मांडली होती. हळदकुंकू वाहिलेली. मला वाटलं, उद्या उत्तरपूजा झाली की करू. म्हणून कोरडाच खड्डा बुजवला. अण्णांनी विचारलं, ओतलंस का."

मामांनी डोळे मिटले होते.

"मी हो म्हटलं. अण्णा तुमच्याशी खोटं बोलले नव्हते, मामा. त्यांना तो खरंच रिकामा वाटत होता. खोटं मी बोलले होते."